गणितशिक्षकांना घडवणारं एम.एड.: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चार-सहा वर्षं गणित शिकवलेल्या शिक्षकाच्या मनात एम.एड.चा विचार आला, की स्टाफरूममधून सल्ले सुरू होतात. त्यांतले बरेचसे ऐकीव असतात. नेहमी कानावर पडणारे पाच समज तपासून पाहू.

गैरसमज १: शाळेत गणित शिकवायला एम.एड. हवंच.
वस्तुस्थिती: नववी-दहावीसाठी विषयाची पदवी आणि बी.एड. पुरतं. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. आणि सहावी ते आठवीसाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. लागतं; दोन्हींसाठी सोबत टीईटी लागते. एम.एड. हे प्रामुख्याने अध्यापक महाविद्यालयांत शिकवण्यासाठी, संशोधनासाठी आणि अभ्यासक्रमाच्या कामासाठी आहे.

गैरसमज २: एम.एड. म्हणजे बी.एड.चीच उजळणी.
वस्तुस्थिती: बी.एड.मध्ये मुलांना शिकवायला शिकतात, एम.एड.मध्ये शिक्षकांना. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या (एनसीटीई) २०१४च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. त्यात संशोधनपद्धती, लघुप्रबंध आणि शिक्षक-शिक्षण संस्थेतली इंटर्नशिप असते. आता एक वर्षाच्या एम.एड.चाही प्रस्ताव पुढे आला आहे, म्हणून प्रवेश घेताना कालावधी नक्की तपासावा.

गैरसमज ३: गणित पक्कं असलं, की बाकी आपोआप जमतं.
वस्तुस्थिती: शिकवण्यासाठी लागणारं विषयज्ञान वेगळं असतं, ही मांडणी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६मध्ये केली. गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांनी १९९९च्या पुस्तकात अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षकांची तुलना केली. पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचा, असं त्यांना सांगितलं होतं. अनेक अमेरिकी शिक्षकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोघांत वाटणी केली. खरं तर पावणेदोन मीटर कापडातून अर्ध्या मीटरचे किती तुकडे निघतील, असा तो प्रश्न आहे आणि उत्तर साडेतीन. औपचारिक शिक्षणाची वर्षं कमी असूनही सर्व ७२ चिनी शिक्षकांनी हा भागाकार बरोबर केला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ५२ वजा ३८ याचं उत्तर मुलगी २६ लिहिते. हा निष्काळजीपणा नाही. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून तिने आठातून दोन काढले. ‘मोठ्यातून लहान वजा’ हा तिने स्वतःच बांधलेला नियम आहे. फुली मारून तशीच आणखी दहा गणितं दिली, तर तो नियम घट्टच होईल. दहाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्यांत मिळवायला दिला, तर नियम कुठे अडतो हे तिचं तिलाच दिसेल. चुकीच्या उत्तरामागचा विचार ओळखायला भावी शिक्षकाला शिकवणं, हे एम.एड. झालेल्याचं खरं काम आहे.

गैरसमज ४: त्यासाठी ‘गणितातलं एम.एड.’ शोधावं लागेल.
वस्तुस्थिती: आपल्याकडे एम.एड. बहुधा सर्वसाधारण असतं. गणित त्यात येतं ते वैकल्पिक विषयातून आणि लघुप्रबंधातून. बारावीनंतर थेट गणिताच्या अध्यापनाकडे वळायचं असेल, तर म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेचा गणितातला सहा वर्षांचा एम.एस्सी.एड. हा एकात्मिक अभ्यासक्रम आहे. पुढे गणितशिक्षणात पीएच.डी. करायची असेल, तर मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे.

गैरसमज ५: एम.एड. झालं, की प्राध्यापकी मिळाली.
वस्तुस्थिती: बी.एड. महाविद्यालयात गणिताचं अध्यापनशास्त्र शिकवायला एम.एड.सोबत विषयातली पदव्युत्तर पदवीही लागते, शिवाय नेट, सेट किंवा पीएच.डी. त्यासाठी लागणारा खर्च आणि वेळ आधीच हिशेबात धरावा.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात एक गोष्ट जरूर विचारा: गणितशिक्षणावरच्या लघुप्रबंधाला मार्गदर्शन करणारं इथे कोण आहे? आणि विषय आपल्याच वर्गातून निवडा. मुलांच्या वह्यांमधल्या चुकांइतकी अस्सल संशोधनसामग्री दुसरीकडे मिळणार नाही.