माहिती चौकट : पुरस्कार ते पडदा

● श्वास (२००४) : सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मग भारताकडून ऑस्करची प्रवेशिका. अमेरिकेतल्या प्रचाराचा खर्च झेपेना, तेव्हा सर्वसामान्यांनीही वर्गणी काढली.

● कोर्ट : सप्टेंबर २०१४मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात दोन पुरस्कार, भारतात प्रदर्शित १७ एप्रिल २०१५ रोजी, राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाल्यानंतर.

● द डिसायपल : २०२०मध्ये व्हेनिसला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार. एप्रिल २०२१मध्ये थेट नेटफ्लिक्सवर.

● स्थळ : २०२३मध्ये टोरांटो महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच नवख्या कलाकारांना घेऊन चित्रीकरण. चित्रपटगृहात यायला मार्च २०२५ उजाडला.

● साबर बोंडं : जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार, सप्टेंबरमध्ये भारतात प्रदर्शित.

अशा चित्रपटांचं घोडं कुठे अडतं?

● प्रसिद्धी : बहुतेक पैसा चित्रीकरण आणि संकलनातच संपतो, पोस्टर, ट्रेलर, जाहिरातींसाठी हात आखडता घ्यावा लागतो.

● पडद्याचं भाडं : डिजिटल प्रक्षेपणासाठी निर्मात्याला सहसा पडद्यागणिक शुल्क मोजावं लागतं. पडदे वाढवले की खर्चही वाढतो.

● वेळ : नोकरदारांना न जमणारा सकाळचा किंवा भर दुपारचा खेळ वाट्याला येतो.

● शुक्रवार ते रविवार : याच तीन दिवसांच्या गल्ल्यावर पुढचे खेळ ठरतात. तोंडी प्रसिद्धी पसरेपर्यंत अनेकदा चित्रपट उतरलेला असतो. म्हणून असा चित्रपट बघायचाच असेल, तर पहिल्याच शनिवार-रविवारी तिकीट काढावं.