बारा नंबरचे काका

सकाळी 7:30. परळमधला कॅन्सर सर्जरीचा वॉर्ड. रात्रपाळीकडून सिस्टर पेशंटची ओव्हर घेतायत. बारा नंबरचे काका, नांदेडकडचे शेतकरी. अन्ननलिकेचा बहुतेक भाग काढलाय. जठराची नळी करून ती वर ओढलीय, मानेत जोडलीय. आज चौथा दिवस. पहिले आठ-दहा दिवस या जोडाचीच धास्ती.

8:00. नळ्या तपासायच्या. नाकात एक, छातीत एक, लघवीची एक, पाठीत वेदनाशामक औषधाची केसासारखी बारीक. पोटातून थेट आतड्यात गेलेली पाचवी. छातीच्या बाटलीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय. नळी मोकळी आहे. सिस्टर खाली बसून मोबाइलच्या उजेडात आलेल्या द्रवाचा रंग बघतात. फिकट तांबूस. दुधाळ दिसला तर छातीतली रसवाहिनी दुखावलेली असू शकते. गढूळ आणि घाण वासाचा आला तर जोड सुटल्याची शंका. नाकावरची चिकटपट्टी बदलतात. नळीवरचा 40 चा आकडा नाकपुडीशीच आहे ना, दोनदा बघतात. शिकाऊ मुलीला सांगतात, "ही निसटली तर आपण परत घालायची नाही. डॉक्टरांना हाक मार. ती जोडावरूनच जाते."

9:15. ताप नाही. नाडी 92. डॉक्टरांचा राउंड पाच मिनिटांत उरकला.

9:30. गोळ्या खलात कुटायच्या, अगदी पिठासारख्या. आधी 30 मिली पाणी, मग औषध, मग परत 30 मिली. एक कण अडकला तरी आतड्याची नळी तुंबते, आणि काकांचं सगळं जेवण याच वाटेनं. पंपावर ताशी 50 मिली.

10:40. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र. पहिला चेंडू उचलतो, दुसरा थरथरून खाली बसतो. "काका, उशी छातीशी घट्ट धरा आणि खोका." टाके ओढतात. आवाज घोगरा झालाय, त्यामुळे खोकल्यालाही जोर नाही. तिसऱ्या खेपेला घट्ट बेडका पडतो. सिस्टर मनापासून "शाब्बास" म्हणतात. हा बेडका आत राहिला तर न्यूमोनिया.

11:30. चालवणं. वॉर्डबॉय मामांच्या हातात बाटली, छातीच्या खालीच. सिस्टरांचा हात काकांच्या कमरेला. खिडकीपर्यंत आणि परत. असे पेशंट त्यांच्याकडे आज सात. कंत्राटावर महिना चोवीस हजार, घर बदलापूरला. सकाळपासून त्या टेकलेल्या नाहीत.

12:45. "सिस्टर, घोटभर चहा द्या ओ." काका हे रोज मागतात. सिस्टर गॉजचा बोळा भिजवून ओठ, जीभ, हिरड्या पुसतात. पाणी गिळायचं नाही. तहानलेल्या माणसाला दिवसातून दहादा नाही म्हणायचं आणि तरी त्याचा विश्वास टिकवायचा, मला यापेक्षा अवघड काम या वॉर्डात दिसलं नाही.

2:10. किती गेलं, किती आलं, सगळं चार्टवर. लघवीच्या आकड्यावर शंका येते. पुन्हा मोजतात.

2:40. ओव्हर देऊन झाली. दाराशी काकू थांबल्यात. त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरल्यात. सिस्टर पर्स खांद्याला लावूनच समजावतात: पोटातली नळी घरीही राहील. तोंडानं सुरू झालं की दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं द्यायचं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. सपाट तर कधीच झोपायचं नाही, अन्न वर येऊन फुप्फुसात जातं.

"आमची लाकडी खाट हाय," काकू म्हणतात.

"मग उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावा. हलत नाहीत ना बघा, मगच काकांना झोपवा."