पिल्लू अंथरुणात घ्यायचे का?

कुत्रा पाळावा की पाळू नये, यावर आपल्या घरांत वाद होतात आणि बहुतेक वेळा 'नको' म्हणून ते संपतातही. पण शहर बदलते आहे. मुले मित्रांच्या घरी पाळीव कुत्री पाहतात, मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ पाहतात. कोणी पावसात भिजलेले पिल्लू उचलून आणते, कोणाकडे राखणीसाठी म्हणून कुत्रा येतो. पहिल्याच रात्री पिल्लू रडू लागते आणि मूल त्याला आपल्या चादरीत ओढून घेते. त्या क्षणी कोणी काही ठरवलेले नसते, पण सवय मात्र लागून जाते. महिनाभराने दादी म्हणतात, 'आता मी नमाज कुठे पढू?' आणि मूल म्हणते, 'तो माझ्याशिवाय झोपत नाही.' दोघांचेही खरे असते. म्हणून हा निर्णय पहिल्या रात्रीच्या आधी, सगळ्यांनी बसून घ्यायला हवा.

एकच जमीन, अनेक कामे

उदाहरणासाठी आपण मुंबईतले नायगाव डोळ्यांसमोर आणू. इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मधून जाणारा सामाईक पॅसेज, मजल्यावर सामाईक शौचालये आणि एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची एक खोली. पुनर्विकासाच्या योजनेत याच कुटुंबांसाठी ५०० चौरस फुटांची घरे आहेत. परळ, लालबाग, भायखळ्याच्या जुन्या चाळींतही जागेचे गणित फारसे वेगळे नाही.

अशा खोलीत जमीन एकच असते. सकाळी तिथेच भाजी चिरली जाते, दुपारी मुले अभ्यासाला बसतात, रात्री अंथरुणे पडतात आणि फजरला अंथरूण गुंडाळून त्याच जागी जानमाज अंथरली जाते. मोठ्या बंगल्यात कुत्रा कोणाच्या पलंगावर झोपतो हा त्या माणसाचा खासगी प्रश्न असेल. इथे मुलाच्या अंथरुणात घेतलेला कुत्रा दादीच्या नमाजच्या जागेवरही असतो आणि अम्मीच्या स्वयंपाकाच्या जागेवरही. म्हणून हा एकट्या मुलाच्या हट्टाचा विषय राहत नाही.

पाकी-नापाकीचा खरा हिशोब

या बाबतीत आपल्याकडे ऐकीव गोष्टी फार आहेत. 'कुत्र्याला हात लागला की वुजू तुटतो', हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. तसे नाही. कुत्र्याच्या स्पर्शाने वुजू तुटत नाही. प्रश्न असतो तो अंगाला किंवा कपड्याला नापाकी लागली का, एवढाच. लागली असेल तर ती जागा धुवायची.

आता नापाकी कशाला म्हणायचे, यात मसलकांमध्ये फरक आहे आणि मुंबईत तो महत्त्वाचा आहे. आपल्या कोकणी कुटुंबांत बहुतेक जण शाफई आहेत, तर दख्खन आणि उत्तरेकडून आलेली बहुतेक कुटुंबे हनफी. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण त्याच्या कोरड्या अंगाला कपडा घासला म्हणून कपडा नापाक होत नाही. शाफई मतानुसार कुत्र्याचे सगळे अंगच नापाक मानले जाते. दोन्ही बाजू कोरड्या असतील तर काही लागत नाही, पण एकही बाजू ओली असेल तर सात वेळा धुणे आणि त्यात एकदा मातीने धुणे आवश्यक ठरते. मालिकी मतात जिवंत कुत्रा पाक मानला गेला आहे. म्हणजे एकाच मजल्यावरच्या शेजारी-शेजारी दोन घरांत, दोन्ही दीनदार असून, उत्तर वेगळे येऊ शकते. लग्न होऊन शाफई घरात आलेली हनफी सून किंवा उलट, असे असेल तर हे आधीच बोलून घेतलेले बरे.

पण अंथरुणाचा विचार केला तर हा फरक बराच पुसला जातो. कारण झोपेत कोरडे काही राहत नाही. मुंबईच्या घामात उशी ओली होते, कुत्रा तोंड चाटतो, चादर चाटतो, स्वतःचे अंग चाटतो. लाळेचा प्रश्न हनफी घरालाही टळत नाही. रोज फजरच्या आधी चादर, कपडे आणि मुलाचे तोंड-हात धुवायचे झाले, तर ते काम शेवटी अम्मीच्याच वाट्याला येते, हेही निर्णयात धरले पाहिजे.

कुत्रा घरात ठेवण्याबद्दलच्या हदीसही आपल्याला ठाऊक आहेत. शिकार, गुरे आणि शेती यांच्या राखणीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे. घराच्या राखणीलाही अनेक उलेमांनी त्याच आधारावर मान्यता दिली आहे. गरज नसताना ठेवल्यास नेकीत घट होते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा हा गरजेचा विषय आहे. केवळ हौसेचे पिल्लू मात्र या यादीत बसवणे कठीण, आणि ज्या घराला याबद्दल शंका आहे त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना आधीच विचारावे.

उंबरठ्यावरचा सोबती

मात्र याचा अर्थ कुत्र्याचा तिरस्कार करावा, असा मुळीच नाही. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची मगफिरत झाली, ही हदीस आपण मुलांना सांगतोच. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला अजाब झाला, हीही सांगतो.

आणि झोपणाऱ्यांसोबत असलेल्या कुत्र्याचा उल्लेख तर खुद्द कुरआनात आहे. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेले तरुण आहेत आणि त्यांचा कुत्रा उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसला आहे. लोक त्या तरुणांची संख्या किती, याचा वाद घालतात तेव्हा कुत्र्यालाही मोजतात. आम्ही यातून कुठला मसला काढत नाही, तो उलेमांचा अधिकार. पण घरात मुलाची समजूत घालताना हे चित्र फार उपयोगी पडते. तो सोबत होता, मोजला गेला, आणि त्याची जागा दाराशी होती. 'तुझ्या कुत्र्यालाही अशीच स्वतःची जागा देऊ,' असे सांगितले की मुलाला तो नकार वाटत नाही.

डॉक्टर काय पाहतात

नायगावहून जवळच परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे आणि १८८६ पासूनचे बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेजही. ज्या घरी कुत्रा आहे, त्याने पशुवैद्याची वाट पहिल्या आठवड्यातच धरावी. अंथरुणाच्या प्रश्नात चार गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली, रेबीज. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. मुंबईत पाळीव कुत्र्याचा महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी या लसीचा दाखलाही. रस्त्यावरून उचललेले पिल्लू लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्याचा दात किंवा नख लागले, जखमेवर त्याची लाळ लागली, तर ती जागा १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, मिरची, चुना लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचा काळ गेला. आता दंडात मोजकी इंजेक्शने ठरलेल्या दिवशी घ्यायची असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून 'बघू उद्या' इथे चालत नाही.

दुसरी, जंत. पिल्लांच्या पोटात जंत असणे अगदी सामान्य आहे. विष्ठेतून त्यांची अंडी पायांना, केसांना लागतात आणि चादरीवरून मुलाच्या तोंडात जातात. लहान पिल्लाला वारंवार आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे लागते.

तिसरी, कातडी. गोचीड, पिसवा आणि गजकर्ण. गजकर्ण कुत्र्याकडून माणसाला होते आणि एका अंथरुणात झोपणाऱ्या भावंडांत ते भराभर पसरते. मग क्रीम लावून थकायचे आणि कारण मात्र उशाशीच असते.

चौथी गोष्ट खास आपल्या भागाची, ती म्हणजे पावसाळा. हिंदमाता आणि दादर पूर्वेचा परिसर जोरदार पावसात पाण्याखाली जाऊ शकतो. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. त्या पाण्यातून फिरून आलेल्या कुत्र्यालाही हा रोग होऊ शकतो आणि त्याच्या मूत्रातून तो माणसापर्यंत येऊ शकतो. कुत्र्यांसाठी याची लस आहे, ती दरवर्षी द्यावी. आणि जून ते सप्टेंबर या काळात बाहेरून आलेला कुत्रा, पाय पुसले तरी, अंथरुणात घेऊ नये.

झोप कोणाची बिघडते

'तो जवळ असला की शांत झोप लागते,' असे अनेक जण सांगतात. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसासाठी ही सोबत लहान गोष्ट नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ साली कुत्रा पाळणाऱ्या ४० निरोगी प्रौढांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा खोलीत असल्याने माणसांची झोप विशेष बिघडत नव्हती. कुत्रा पलंगावर असला तर मात्र ती थोडी कमी चांगली होत होती. फरक लहान होता, पण सोबत हवी असेल तर ती त्याच खोलीत, वेगळ्या अंथरुणावरूनही मिळते, एवढे त्यातून समजते.

कुत्र्याच्या बाजूनेही पाहू. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीचे गुडघे नाजूक असतात, डॅशहंडची पाठ लवकर दुखावते. उंच पलंगावरून रोज उड्या मारणे त्यांना सोसत नाही. जमिनीवर चार जण शेजारी झोपत असतील तर महिन्याभराचे पिल्लू झोपेत अंगाखाली येण्याची भीती खरी असते.

जिथे उत्तर स्पष्ट 'नाही' आहे

काही घरांत विचार करायलाही जागा नाही. वर्षाच्या आतले बाळ त्याच अंथरुणात असेल, कोणाला दमा किंवा केसांची अॅलर्जी असेल, कोणी केमोथेरपी घेत असेल, तर कुत्रा अंथरुणात नको. टाटा रुग्णालयात उपचारासाठी गावाहून आलेले नातेवाईक नायगाव-परळच्या घरांत महिनोन्महिने राहतात. त्या काळात अशा पेशंटची गादी, चादर आणि उशी कुत्र्यापासून पूर्ण लांब ठेवावी आणि बाकीचे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. घरात जो सर्वांत अशक्त आहे, त्याच्या सोयीने नियम ठरवावा.

सवय लागली असेल तर

कुत्रा आधीच अंथरुणात झोपत असेल, तरी मारहाण न करता सवय बदलता येते. जुनी गोधडी दुमडून त्याचे वेगळे अंथरूण करा आणि त्यात मुलाचा एखादा जुना शर्ट ठेवा, त्या वासाने तो शांत होतो. पहिले काही दिवस ते मुलाच्या उशाजवळच ठेवा, मग रोज हातभर दाराकडे सरकवा. रात्री झोपण्याआधी त्याला फिरवून आणा. आपल्या जागी बसला की खाऊ आणि शाबासकी द्या. अंथरुणात आला तर काही न बोलता उचलून परत ठेवा. पहिल्या दोन-तीन रात्री तो रडेल. एकाने नियम पाळायचा आणि दुसऱ्याने हळूच चादरीत घ्यायचे, असे झाले तर तो कधीच शिकणार नाही. त्याची गोधडी आठवड्याला गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. जानमाज आणि नमाजचे कपडे उंच फळीवर ठेवा. सामाईक पॅसेजमध्ये त्याला बांधण्याआधी शेजाऱ्यांना विचारा, कारण तो पॅसेज त्यांचाही आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही घराने करू नये. अंथरुणाचा वाद मिटेना म्हणून रात्री गोणीत घालून कुत्र्याला दूर सोडून येणे. पाळलेल्या जनावराला असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि रस्त्याची सवय नसलेले छोटे कुत्रे तिथे फार दिवस टिकत नाही. आपल्या घरी त्याला ठेवणे जमत नसेल तर त्याला चांगले घर शोधून द्या, आणि ते मिळेपर्यंत त्याचे खाणे-पिणे, त्याची लस ही जबाबदारी आपलीच आहे. ज्या मुलाने त्याला पावसातून उचलून आणले, त्या मुलाला हे घर शोधण्याच्या कामात सोबत घ्या. कुत्रा कुठे गेला हे त्याला ठाऊक असू द्या.