संपर्कसत्राचा रविवार

पहाटे ५.००
नाशिकहून जव्हारकडे जाणारी सकाळची एसटी गाठायची असते, त्यामुळे चहा आणि तपासणी एकदमच चालते. मी समुदायविकास पदविकेची समंत्रक. ठरलेल्या रविवारी संपर्कसत्र घ्यायचं, गृहपाठ तपासायचे आणि एरवी फोनवर शंका सोडवायच्या, असं हे काम. समोरच्या गठ्ठ्यात सगळ्यांचा प्रश्न एकच आहे: ‘आपल्या गावातील स्थलांतराची कारणे लिहा.’ उत्तरंही जवळपास एकच. कोरडवाहू शेती, रोजगाराचा अभाव, शिक्षणाची कमतरता. पाठ्यपुस्तकातले मुद्दे क्रमाने उतरवलेत. चूक काही नाही, गुण द्यावेच लागतील. पण लिहिणारीचं गाव त्यात कुठे दिसत नाही.

सकाळी ६.३०
त्र्यंबक मागे पडलं की मोबाइलची रेंज येते-जाते. पाठांच्या पीडीएफ आणि ध्वनिफिती पाठवताना हा रस्ता आठवावा लागतो. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं. नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पाड्यावरच्या घरात आज छापील पुस्तक पोचतं, फोनवर धडा पोचतो. तिकडून इकडे काय येतं आणि त्याचं पुढे काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

सकाळी ९.१५
जव्हारच्या केंद्रावर जीप येऊन थांबायला लागतात. आशा, अंगणवाडी सेविका, उमेदच्या बचतगटांचं काम बघणाऱ्या सीआरपी, ग्रामरोजगार सेवक, ग्रामसभेचं काम बघणारे पेसा मोबिलायझर. एकीने तान्हं बाळ आणलंय. खिडकीच्या गजाला ओढणीची झोळी बांधून झाली की तिचा वर्ग सुरू. हजेरी घेताना एक गोष्ट खटकते. पल्स पोलिओचा रविवार आणि संपर्कसत्राचा रविवार एकच आला, की निम्मा वर्ग बूथवर बसलेला असतो.

सकाळी ९.४५
पहिल्या तासाला पुस्तक वाचून दाखवायचं नाही, हा माझा नियम. पुस्तक घरी आहे. आधी वेळेचा हिशेब मांडते. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास. रोज रात्री एक तास काढला, तर एक विषय चार महिन्यांचा. “मॅडम, रात्री जेवणं उरकून नऊ वाजतात,” मागून आवाज येतो. मग कुणाला पहाटे जमेल, कुणाला अंगणवाडी सुटल्यावर, ते प्रत्येकीने वहीत लिहायचं. आपल्या दिवसात अभ्यासाची जागा सापडली नाही, तर माणूस सत्रांना येऊनही गळतो.

सकाळी ११.००
आज गावनकाशा. फरशीवर खडू, चार गट. एका गटात रोजगार सेवकाने झपाझप रेघा ओढल्या: ग्रामपंचायत, शाळा, रस्ता, कामं निघालेले बंधारे. नकाशा देखणा झाला. त्याच गटातली आशा वाकून बघत म्हणाली, “दादा, ओढ्यापलीकडचा पाडा राहिला.”

“तो आपल्याच गावात धरलाय ताई, वेगळा नाही.”

“कागदावर धरला असेल. मला पाण्यातून जावं लागतं.”

मी तिच्या हातात खडू दिला आणि भेटींचे दिवस लिहायला सांगितलं. दवाखान्यात बाळंतपण झालं, की आशाने घरी जाऊन बाळाला बघायचं ते ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं, तर पहिल्या दिवशीसुद्धा. तिने ओढ्यापलीकडे एक घर काढलं आणि शेजारी हे आकडे मांडले. २८ आणि ४२ भोवती गोल केला. “दिवाळीनंतरची बाळंतीण असली तर या दोन भेटी राहतात. घराला कुलूप असतं. माणसं वीटभट्टीवर.”

नकाशावर आता गावाबाहेर जाणारा बाण आला, भिवंडीकडचा. कुठल्या भट्टीवर कुठलं कुटुंब जातं, मुकादम कोण, त्याच्याकडून उचल म्हणजे आगाऊ मजुरी कधी घेतली, हे त्या गटातल्या चौघांना मिळून माहीत होतं. एकट्याला कुणालाच नव्हतं. पाठ्यपुस्तकातला ‘सहभागी ग्रामीण मूल्यांकन’ हा धडा यापेक्षा निराळं काही सांगत नाही. पण तो आधी फरशीवर उतरला, की नंतर वाचताना अडत नाही.

दुपारी १.३०
डबे उघडतात. नाचणीची भाकरी, सुकट, लोणचं. जेवताना जुनी गोष्ट निघते. देशात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला २ ऑक्टोबर १९५२ रोजी. तेव्हाचा कार्यकर्ता म्हणजे प्रशिक्षण केंद्रात राहून शिकून मग गावावर नेमला गेलेला. आज माझ्यासमोर बसलेली बाई उलट्या वाटेने आली आहे. नेमणूक आधी, काम आधी, शिक्षण नंतर. तिला सहा महिने घर सोडून कुठे राहता येणार नाही. मुक्त शिक्षण नसतं तर ती शिकलीच नसती, हे मला मान्य आहे. म्हणून ते कसंही चालेल, हे मान्य नाही.

दुपारी २.१५
गृहपाठ परत द्यायची वेळ. एका अंगणवाडी सेविकेला शेजारी बसवलं.

“ताई, ‘शिक्षणाची कमतरता’ हे तुमच्या पाड्यातलं कारण आहे?”

“पुस्तकात आहे ना मॅडम.”

“गेल्या वर्षी पहिलं घर कुणाचं गेलं?”

तिने घर सांगितलं. नवऱ्याचं आजारपण, दवाखान्याचा खर्च, त्यासाठी घेतलेली उचल, ती फेडायला गेलेला हंगाम. सोबत अंगणवाडीच्या पटावरची दोन मुलं गेली. भट्टीवर त्यांना आहार मिळाला का, हे तिला ठाऊक नव्हतं. “हे लिहायचं असतं?” तिने विचारलं. हेच लिहायचं असतं, नाव न देता.

दुपारी ३.४५
क्षेत्रकार्याच्या वह्या. इथे सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रजिस्टरची सवय. या कार्यकर्त्या दिवसभर रकाने भरतात. वहीतही तेच करतात. ‘दंडाचा घेर ११.२ सेंमी.’ बाळाच्या दंडाला लावायच्या मोजपट्टीचा रंग साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, हे सगळ्यांना पाठ आहे. पट्टी लाल आल्यावर आई काय म्हणाली? बालोपचार केंद्रात जायला घरातलं कोण तयार नव्हतं? रोजाची मजुरी कुणाची बुडणार होती? याला रजिस्टरमध्ये रकाना नाही. वहीत तो हवा. कुपोषण म्हणजे काय, हे जव्हार-मोखाड्याला सांगायला नको. १९९२ मध्ये इथल्याच वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. तेव्हापासून योजना आल्या, पुष्कळ आल्या. योजना घरापर्यंत नेणारं माणूस विचार करणारं असावं, यासाठीच हा अभ्यासक्रम.

संध्याकाळी ५.१५
परतीची गाडी. शेजारची सीट रिकामी मिळाली तर तपासणी, नाही तर डोळे मिटून पुढच्या सत्राची आखणी.

रात्री ९.३०
उरलेले गृहपाठ. ‘छान’, ‘मुद्देसूद लिहा’, ‘अक्षर सुधारा’ असे शेरे लिहायला वेळ लागत नाही आणि त्यांचा उपयोगही होत नाही. मी प्रत्येक उत्तराखाली एक प्रश्न लिहिते: ‘उचल घेतली तेव्हा बचतगटाकडे कर्ज का मागितलं नाही?’ ‘हा प्रश्न ग्रामसभेत कुणी मांडला होता का?’ पुढच्या वेळी उत्तर येतं, कधी दोन ओळींचं, कधी दोन पानांचं. महिन्यातून एखादा दिवस भेटणाऱ्या विद्यार्थिनीला मी जे काही शिकवते, त्यातलं बरंचसं या प्रश्नोत्तरातच शिकवून होतं.

म्हणून दोन मागण्या. समंत्रकांनी गृहपाठ पुढच्या सत्राआधी परत करावा आणि गुणांच्या शेजारी निदान एक प्रश्न लिहावा. आणि सत्रांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी तारखा पक्क्या करण्याआधी तालुका आरोग्य कार्यालयाला एक फोन करून पल्स पोलिओचा रविवार विचारून घ्यावा. दोन्हींना जादा निधी लागत नाही.