पायाखालचा झीलकरी

पेणला किंवा रोह्याला गाण्याचा छोटा कार्यक्रम ठरला की आधी हिशेब निघतो तो साथीदारांचा. तबलजी पनवेलहून येणार, पेटीवाला अलिबागहून. दोघांची बिदागी, जेवण आणि रात्री उशिरा परत सोडायला गाडी. स्वतःच गाणी लिहून, चाली लावून गिटारवर गाणाऱ्या नव्या गायकाच्या हाती यातून फारसं काही उरत नाही. त्यामुळे दिवा-रोहा गाडीतून गिटार आणि एक पिशवी घेऊन एकट्यानेच उतरणं त्याला परवडतं. पिशवीत असते हातात मावणारी धातूची डबी, म्हणजे लूप पेडल.

बॉस कंपनीचं आरसी-१ हे त्यातलं अगदी साधं यंत्र. पायाने एकदा दाबलं की ध्वनिमुद्रण सुरू होतं. पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा फिरून फिरून वाजू लागतो, तिसऱ्यांदा दाबलं की त्यावर दुसरा थर चढतो. पटापट दोनदा दाबलं की सगळं गप्प. जास्तीत जास्त १२ मिनिटांचा आवाज त्यात मावतो. गायक आधी गिटारच्या पोटावर थाप मारून ठेका भरतो, मग त्यावर कॉर्ड, मग एखादी गुणगुण. एवढी बैठक जमली की खरं गाणं सुरू होतं. हे सगळं श्रोत्यांच्या डोळ्यांदेखत चालतं, आधीच भरून आणलेल्या कराओके ट्रॅकपेक्षा वेगळं ठरतं ते इथेच.

कस लागतो तो पाय कधी पडतो यात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केरव्याच्या आठ मात्रा ४ सेकंदांत होतात. चार आवर्तनांचा तुकडा धरला तर १६ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यात तो अकरा वेळा फिरतो. समेवर पाय जरासा उशिरा पडला तर गाणं अकराही वेळा तिथेच लंगडतं. तबलजी चुकला तर गवई नजरेने सांभाळून घेतो. या डबीला नजर कळत नाही.

कल्पना जुनी आहे. १९६३ साली पॅरिसमध्ये अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत ताणून नेली. पहिल्यावर भरलेला आवाज दुसऱ्यावर थोड्या वेळाने उमटायचा आणि तो पुन्हा पहिल्याकडे पाठवला की थर साचत जायचे. हेच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तंबोऱ्यांसाठी नावाजलेल्या गावात. तासन्‌तास तेच स्वर फिरवत राहणाऱ्या तंबोऱ्याच्या सावलीत टेपवाल्या रायलींनी येऊन बसावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

टेपची भानगड डिजिटल यंत्रांनी मिटवली. २००४ मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात ऐनवेळी रॅपर नास येऊ शकला नाही, त्याच्या जागी केटी टनस्टॉल नावाची स्कॉटिश गायिका गिटार, खंजिरी आणि पेडल घेऊन एकटी उभी राहिली. त्या एका सादरीकरणाने तिचं नाव झालं. पुढे २०१५ च्या जुलैत इंग्लिश गायक एड शीरननं लंडनचं वेम्बली स्टेडियम वाद्यवृंदाशिवाय, गिटार आणि लूप पेडलच्या जोरावर तीन रात्री भरून दाखवलं. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याचं हे पायकाम आपल्याकडच्या हजारो लोकांनी पाहिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून ‘आस्मा’ या बँडमधून पुढे आलेली मुंबईची वसुदा शर्मा लूप वापरून एकटी गाते आहे.

मराठी कानाला यातलं काहीच परकं वाटू नये. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा फिरत असतो. त्याने मुद्दाम जराही बदलायचं नसतं, म्हणजे तबलजी कुठे गेला आणि समेवर कसा परतला ते कळतं. पोवाड्यात शाहिरामागे उभे राहून ‘जी जी’ ओढणारे झीलकरी दुसरं काय करतात? ते सूर धरून ठेवतात, म्हणून शाहिराला दम घ्यायला आणि पुढचा प्रसंग रंगवायला उसंत मिळते. लूप पेडल हा पायाखालचा झीलकरीच, फक्त बिदागी न मागणारा.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात, पण डोळ्यांची आखणी प्रत्येकीची हातानेच करावी लागते आणि त्या हाताला कारखान्यात वेगळा मान असतो. लूपवाल्या गायकाचंही तसंच. बरेच नवशिके मात्र साच्यातच रमतात. सहा-सात थर चढवतात, श्रोते टाळ्या वाजवतात आणि शब्द ऐकू येईनासे होतात. स्वतःचं गाणं लिहिणाऱ्याने असं करणं म्हणजे हद्द झाली. दोन थर पुरेत. कडव्याच्या मध्ये पेडल बंद करून नुसत्या गळ्यावर गाण्याची हिंमत असेल तर एकही पुरे.

एक गोष्ट मात्र या डबीला जमत नाही. वारकरी भजन संथ सुरू होतं, पखवाज हळूहळू चढतो आणि गजरापर्यंत टाळांना उसंत राहत नाही. ही चढती लय बुवा, पखवाजी आणि टाळकरी एकमेकांकडे बघत वाढवतात. लूप भरला त्याच वेगाला बांधलेला. काही महागड्या यंत्रांत वेग वाढवता येतो, पण भरलेला आवाज ताणला की त्याचा पोत बिघडतो. त्यामुळे भजनाच्या अंगाने जाणारं गाणं लिहिणाऱ्याला एक तर लय स्थिर ठेवावी लागते, नाही तर मध्येच जुना थर पुसून नव्या वेगात दुसरा भरावा लागतो. ती भरण्याची काही सेकंदं गप्पा मारून निभावतात किंवा तेवढ्यापुरता टाळ्यांचा ठेका श्रोत्यांकडूनच धरून घेतात.

आणि वीज गेली तर? आरसी-१ नऊ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतं, तेव्हा भरलेला ठेका आत बिनबोभाट फिरत राहतो. स्पीकर मात्र मुका झालेला असतो आणि साउंडवाला जनरेटरची दोरी ओढेपर्यंत गायकाकडे गिटार आणि गळा एवढंच उरतं.