शाही जिऱ्याचा घोळ

दुपारचे चार. कॅन्टीनचा राजमा-राइस केव्हाच पोटात गेलाय, टेबलवर तिसरी कॉफी आहे आणि जीन्सचं बटण हळूच सैल करावं की काय, या विचारात तुम्ही मीटिंगला निघालाय. ओळखीचं वाटतंय ना? माझं तर हे रोजचंच. फ्रीलान्सिंगमध्ये जेवायची वेळ डेडलाइन ठरवते आणि पोट त्याचा बरोब्बर सूड घेतं. त्यामुळे ‘कॅरवे सीड्सवर एक फीचर दे’ म्हटल्यावर मी लगेच हो म्हणून टाकलं. कॅरवे म्हणजे आपलं शहाजिरं. गोड्या मसाल्यात असतं, बिर्याणीत असतं, पोटाला बरं असतं. दोन तासांत लेख हातावेगळा, असा माझा हिशेब.

तो हिशेब नवापूरला चुकला.

नवापूरला माझी आत्या राहते. नंदुरबार जिल्ह्यातलं, अगदी गुजरातच्या काठावरचं गाव. काठावरचं म्हणजे किती, तर सुरत-भुसावळ मार्गावरच्या इथल्या रेल्वे स्टेशनचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशनमास्तरांचं ऑफिस तिकडे. प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकाचेसुद्धा दोन राज्यांत दोन भाग केलेत, आणि तिथे बसून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. मीही काढला. पण मी आले होते ते ताईला भेटायला. ताई म्हणजे माझी आतेबहीण. पुण्यात आयटीत आहे, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिची लेक आता दीड महिन्याची आहे.

घरात शिरल्या शिरल्या डिंकाच्या लाडवांचा आणि शेगडीतल्या ओव्याच्या धुरीचा वास आला. ताई मात्र वैतागलेली होती. तिच्या टीममधल्या एका जर्मन कलीगनं तिला सांगितलं होतं, की आमच्याकडे बाळंतिणी एक खास चहा पितात. बडीशेप, अनीस आणि क्युमेल. क्युमेल म्हणजे कॅरवे. जर्मनीत हा ‘श्टिलटे’ म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आईचा चहा दुकानात सहज मिळतो. ताईनं नेटवर कॅरवेला हिंदीत काय म्हणतात ते शोधलं, उत्तर मिळालं ‘काला जीरा’, आणि तिनं मोबाइलवरून पाव किलोचं पाकीट मागवलं.

‘‘हा बघ,’’ ताई म्हणाली, ‘‘आज पहिल्यांदा करणारे. तुझ्या लेखात माझा फोटो टाक.’’

पाणी उकळत होतं. आत्यानं पाकिटातला एक दाणा दाताखाली धरला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सरळ मोरीत जाऊन थुंकली.

‘‘अगं, हे कडू जिरं आहे! जंतावर देतात ते. बाळंतिणीला पाजतेस की काय?’’

गॅस बंद झाला. मी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर छापलं होतं ‘काली जीरी’. ताईनं शोधलं होतं ‘काला जीरा’. एवढाच फरक. पण वनस्पतीच वेगळी! जिरं, शहाजिरं, ओवा, बडीशेप, धणे ही सगळी गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. कडू जिरं सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कृमिनाशक’ या अर्थाचा शब्द आहे. हल्ली मेथी, ओवा आणि काळी जिरी यांची पावडर रोज चमचाभर घ्या आणि वजन उतरवा, असे मेसेज फिरतात ना, त्यातली काळी जिरी ती हीच. ते औषध आहे, मसाला नाही. वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नये, आणि गरोदर किंवा पाजणाऱ्या बाईनं तर मुळीच नाही. ताईच्या डॉक्टरांनी फोनवर हेच सांगितलं, वर ‘बरं झालं प्यायली नाहीस’ हेही ऐकवलं. ताई रडवेली झाली. झोप नाही, अंग दुखतंय, आणि त्यात हे. आत्या काही बोलली नाही. तिनं चपला घातल्या आणि मला म्हणाली, ‘‘चल.’’

बाजारपेठेतल्या ज्या किराणा दुकानात आत्या वर्षानुवर्षं जाते, त्याचे मालक ग्राहकाचं तोंड बघून भाषा बदलतात. आत्याला ‘बेन’ म्हणतात आणि मराठीत बोलतात, पलीकडच्या माणसाशी त्याच दमात गुजराती. सरहद्दीवरच्या दुकानात नावांचा गोंधळ किती असेल? पण इथे तो नव्हताच. मी ‘कॅरवे’ म्हटल्यावर त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदावर पाच चिमटी मांडल्या.

‘‘बेन, नाव विचारू नका, दाणा बघा,’’ ते म्हणाले. ‘‘हे आपलं जिरं. हा ओवा, आमच्यात अजमो. हे शहाजिरं, आमचं पण शाहजीरुंच. हा तुमचा बाळंतशेपा, आमचा सुवा. आणि ही काळी जीरी, कडवी.’’

शेजारी शेजारी ठेवल्यावर कसलाच घोळ राहत नाही हो. शहाजिरं साध्या जिऱ्यापेक्षा गडद, बारीक आणि चंद्रकोरीसारखं वाकडं, अंगावर फिकट रेघा. बाळंतशेपा चपटा, कडेला पातळ फिकट झालर. कडू जिरं काळपट, आखूड, जाडसर आणि सरळ. ओवा तर बारीक गोल. आणि वासाला तर कुणी फसणारच नाही.

आता एक गंमत. आपण ज्याला शहाजिरं म्हणतो, तेही एकच नाही. एक खरं कॅरवे, युरोपातलं. दुसरं हिमालयातलं काळं जिरं, त्याहून बारीक, काळसर आणि साध्या जिऱ्यापेक्षा कितीतरी महाग. हिमाचलच्या काळ्या जिऱ्याला 2019 मध्ये जीआय टॅगही मिळाला. बाजारात दोन्ही ‘शहाजिरं’ म्हणूनच विकली जातात. बिर्याणीत दोन्ही चालतात, पण चव एक नाही. काळं जिरं मातकट, धुरकट वासाचं. कॅरवे थोडं गोडसर, किंचित पुदिन्याच्या वळणावर जाणारं. त्यात कलौंजीलाही इंग्रजीत ‘ब्लॅक क्युमिन’ म्हणतात. म्हणजे घोळात घोळ.

कॅरवेचा तो वास ज्याच्यामुळे येतो, त्या द्रव्याचं नाव कार्व्होन. पुदिन्याच्या स्पिअरमिंट जातीतही कार्व्होनच असतं, फक्त त्याचा रेणू आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा. डावा आणि उजवा हात, तेवढाच फरक, पण नाकाला एक च्युइंगगमसारखा लागतो आणि दुसरा जर्मन ब्रेडसारखा. आणि कॅरवेतलं तेच, त्याच हाताचं कार्व्होन आणखी कशात असतं माहितेय? शेप्यात! आपल्याकडच्या शेप्यात ते युरोपातल्या शेप्यापेक्षा कमी असतं, पण असतं. म्हणजे ताईच्या जर्मन कलीगनं सुचवलेला वास आत्याच्या डब्यात आधीपासून होता. जेवणानंतर बाळंतिणीला बाळंतशेपा, बडीशेप, ओवा, तीळ आणि सुकं खोबरं भाजून देतात ना, त्यातच. लेबनॉनमध्ये घरात बाळ जन्मलं की तांदळाच्या पिठाची कॅरवे घातलेली ‘मेघली’ नावाची खीर करतात आणि भेटायला येणाऱ्यांना वाढतात. 1851 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या वुडवर्डच्या ग्राइप वॉटरमध्येही शेप्याचं तेल होतं. (एकेकाळी अल्कोहोलही होतं, त्यामुळे आजीच्या पिढीतली बाळं इतकी शांत का झोपायची, हे कळतं.) बाळंतीण आणि पोटातला वारा, या दोन गोष्टींवर जग एकाच दिशेनं गेलेलं दिसतं.

पण या दाण्यांनी दूध वाढतं, याला भक्कम पुरावा नाही. पोटाच्या बाबतीत मात्र थोडा आहे. 1996 मध्ये जर्मनीत अपचनाच्या 45 रुग्णांवर एक अभ्यास झाला. पुदिन्याचं तेल 90 मिलिग्रॅम आणि कॅरवेचं 50 मिलिग्रॅम असलेल्या कॅप्सूल त्यांना चार आठवडे दिल्या, आणि नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं पोटदुखणं कमी झालं. नंतरच्या अभ्यासांतही अशी कॅप्सूल उपयोगी ठरली. लक्षात घ्या, हे मोजून घेतलेलं तेल होतं, आणि तेही पुदिन्याबरोबर. तुमच्या पुलावातलं अर्धा चमचा शहाजिरं म्हणजे औषध नव्हे. जेवण जड झाल्यावर हलकं वाटलं तर छान, पण महिनोन्‌महिने पोट दुखत असेल तर मसाल्याचा डबा बंद करून डॉक्टर गाठा. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीही पाजू नका, ग्राइप वॉटरसुद्धा नको.

खायचं म्हणाल, तर शहाजिऱ्याचं खरं जमतं ते कोबीशी. जर्मनांनी हे फार आधी ओळखलं, त्यांच्या आंबवलेल्या कोबीत आणि राईच्या ब्रेडमध्ये ते असतंच. मी आत्याच्या स्वयंपाकघरात करून पाहिलं. तूप मंद आचेवर तापवायचं, अर्धा चमचा शहाजिरं टाकायचं आणि दहा आकडे मोजायच्या आत चिरलेला कोबी. हे जिऱ्यापेक्षा लवकर जळतं आणि जळलं की कडवट होतं. हळद नाही, मोहरी नाही, फक्त मीठ आणि शेवटी लिंबू. बरोबर नवापूरच्या तूरडाळीचं वरण. या डाळीलाही जीआय टॅग आहे बरं का, आणि ती इतक्या लवकर शिजते की कुकरची शिट्टी मोजायला मी विसरले. उकडलेले बटाटे परतताना शहाजिरं घाला, तेही झकास. गोड्या मसाल्यात मात्र हात आखडता ठेवा. दगडफूल आणि शहाजिरं दोन्ही जास्त झाली, तर आमटी अत्तरासारखी लागते. स्वानुभव आहे.

आणि चहा? एक छोटा चमचा शहाजिरं खलबत्त्यात अर्धवट कुटायचं, त्यावर कपभर उकळतं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. झाकण विसरू नका, नाहीतर ज्यासाठी एवढा खटाटोप तो वास वाफेबरोबर उडून जातो. मी प्यायले. चव पहिल्या घोटाला विचित्र, तिसऱ्याला बरी. त्या रात्री पोट शांत होतं, पण त्या दिवशी मी वेळेवर जेवलेही होते, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

ताईनं चहा नाकारला. ‘‘मला आता कुठलंही जिरं दाखवू नका,’’ म्हणाली. आत्यानं तिच्या तळहातावर भाजलेला बाळंतशेपा ठेवला आणि ताईनं तो निमूट चघळला. वर म्हणाली, ‘‘हा तर त्या ब्रेडसारखा लागतो गं, जो मी फ्रँकफर्टला खाल्ला होता.’’

कडू जिऱ्याचं पाकीट परत करायची मुदत संपलेली होती. आत्यानं त्यावर मार्करनं मोठ्ठं ‘कडू’ लिहिलं आणि ते सगळ्यात वरच्या फळीवर, तव्याच्या मागे ठेवून दिलं.