गोव्याचा हिशोब कोणी मागितला?

उज्जैनच्या नानाखेडा बसस्थानकाला शहीद राजाभाऊ महाकाल यांचे नाव आहे. इंदूरहून त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की हा आमच्या माळव्याचा माणूस 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या हद्दीवर पोर्तुगीज गोळीने मेला. त्याच दिवशी, त्याच हद्दीवरच्या पत्रादेवीला पंजाबातल्या इसरू गावचे कर्नेलसिंग पडले. सागरच्या सहोदराबाई राय यांना गोळ्या लागल्या, पण त्या वाचल्या आणि 1957 मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. गोवामुक्तीसाठी गेलेले वीसहून अधिक निःशस्त्र सत्याग्रही त्या एका दिवसात मारले गेले. पुढे सहा वर्षांनी पोर्तुगीज गेले. मग त्या गोळीबाराचा हिशोब कोणी, कोणाकडे आणि केव्हा मागितला?

इंदूरला हा प्रश्न नवा नाही. 1 जुलै 1857 रोजी इथल्या ब्रिटिश रेसिडेन्सीवर हल्ला झाला. अमझेऱ्याचे राजा बख्तावरसिंह यांना फेब्रुवारी 1858 मध्ये, आज जिथे एमवाय रुग्णालय आहे त्या भागात फाशी दिली गेली. त्या हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या सादत खान यांना पकडून फासावर चढवायला इंग्रजांनी 1874 पर्यंत वाट पाहिली. आपला हिशोब राज्यकर्ते सतरा वर्षे विसरले नाहीत. 1947 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या सूडाचा हिशोब मात्र कोणी काढला नाही. सत्तांतर वाटाघाटींनी झाले होते आणि पुढे फाळणीच्या धुमश्चक्रीत असले काही सुचणेही शक्य नव्हते, असे म्हणून तो विषय सोडता येतो. गोव्याच्या बाबतीत तशी सबब नाही. तिथे लष्कर गेले, शत्रूने शरणागती पत्करली, हजारो सैनिक हाती लागले. हिशोब मागायला याहून सोयीची वेळ कोणती?

आधी छळाचे रूप पाहू. पोर्तुगीज सरकारने राजकीय विरोधकांना लष्करी न्यायाधिकरणासमोर उभे केले आणि शिक्षा अशा ठोठावल्या की आकडे वाचून हसू यावे. डॉ. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना 1946 मध्येच आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवले होते. 1955 च्या सत्याग्रहात नानासाहेब गोरे यांना दहा वर्षे, मधू लिमये यांना बारा. सुधाताई जोशी अशाच तुरुंगात गेल्या. कोठडीत बाळा मापारी यांनी मारहाणीत प्राण सोडले. या सगळ्यात गोव्यातल्या लोकांच्या तोंडी एक नाव राहिले, कासिमिरो मोंतेरो. पोलिस खात्यातला हा माणूस मारझोडीसाठी कुप्रसिद्ध होता.

डिसेंबर 1961 मध्ये भारतीय सैन्य आत शिरले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने 14 डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना तार केली होती: शरणागती नाही, तह नाही, सैनिक एक तर विजयी व्हावेत नाही तर मरावेत. व्हासालोंपाशी धड दारूगोळाही नव्हता. त्यांनी प्रमुख इमारती उडवून देण्याचा हुकूम पाळला नाही आणि 19 डिसेंबरला शरणागतीवर सही केली. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासएक जण मेले. हुकूम तंतोतंत पाळला असता तर पणजी शहराचे काय झाले असते याचा विचार करवत नाही.

सुमारे 3,300 पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार लढाई संपताच त्यांना विनाविलंब परत पाठवायचे असते. पण सालाझारला ते लवकर परत नको होते. शरण आलेले सैनिक म्हणजे त्याच्या लेखी कलंक. उलट मोझांबिकमधल्या भारतीयांना त्याने अटकेत टाकले. अखेर मे 1962 मध्ये हे कैदी विमानाने कराचीला आणि तिथून जहाजांनी लिस्बनला गेले. तिथल्या धक्क्यावर आपल्याच लष्करी पोलिसांच्या बंदुका त्यांच्या स्वागताला होत्या.

आणि 1963 मध्ये खरोखरच एका पोर्तुगीज सेनापतीला शिक्षा झाली. व्हासालो इ सिल्व्हा यांना लष्करातून बडतर्फ केले गेले. गुन्हा काय, तर पुरेशी माणसे मरू दिली नाहीत. गोव्यातली पोर्तुगीज सत्ता संपल्यावर लष्करी उत्तरदायित्वाचा जो एक ठळक निवाडा झाला तो हा, आणि तो उलटा होता. पत्रादेवीला निःशस्त्रांवर गोळ्या चालवण्याचा हुकूम देणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही, गोळ्या थांबवणाऱ्याला विचारला. पोर्तुगालमधल्या 1974 च्या क्रांतीनंतर व्हासालोंचे पद त्यांना परत मिळाले. 1980 मध्ये ते गोव्यात पाहुणे म्हणून आले तेव्हा लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. मला त्यात काही गैर वाटत नाही.

गैर वाटते ते दुसरेच. सगळे युद्धकैदी सोडले गेले तेव्हा मोहन रानडे पोर्तुगालच्या काशियास तुरुंगातच होते. सांगलीचे हे गृहस्थ ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलिस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, मग पोर्तुगालला नेले गेले. गोवा मुक्त झाला आणि त्यांची कैद चालूच राहिली. पोर्तुगालच्या लेखी ते दरोडेखोरांसारखे गुन्हेगार, म्हणजे त्यांना युद्धकैद्याचा दर्जा नाही. गायक सुधीर फडके आणि इतरांनी त्यांच्या सुटकेसाठी चळवळ केली, व्हॅटिकनपर्यंत विनवण्या गेल्या आणि जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. तिथेच कैदेत असलेले तेलो द मास्कारेन्यस तर 1970 मध्ये. युद्धकैदी सोडताना त्यांना ओलीस धरायला नको होते हे मला मान्य आहे, तसे करणे बेकायदा ठरले असते. पण रानड्यांचा प्रश्न जगाच्या चावडीवर जितक्या जोराने मांडायला हवा होता तितका सरकारने मांडला नाही. तो एका गायकाला आणि त्याच्या मित्रांना मांडावा लागला.

ज्या वर्षी रानडे सुटले त्याच वर्षी, मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही गोवा आणि जिनिव्हा करार या विषयाला हात घातला. गोव्यातल्या एका पाद्र्याने भारतीय नागरिकत्व नाकारले होते. राहण्याच्या परवान्याची मुदत संपूनही राहिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. आपण ताब्यातल्या प्रदेशातले रहिवासी, म्हणून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला आहे, असा त्याचा दावा. निकालपत्र सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचे. हे आमच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश, म्हणून इंदूर खंडपीठाच्या वकिलांत त्यांचे नाव अजून आदराने निघते. न्यायालय म्हणाले, गोवा भारतात विलीन झाला, लढणारा दुसरा पक्ष उरला नाही, म्हणून लष्करी ताबा संपला आणि त्याबरोबर कराराचे संरक्षणही. शिवाय 1960 चा जिनिव्हा करार कायदा सामान्य माणसाला थेट न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्याचा हक्क देत नाही. कायद्याच्या चौकटीत हा निकाल योग्यच होता. पण करार मोडला गेला तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग पीडितालाच नाही, हेही त्यातून उघड झाले. ही उणीव आजही भरलेली नाही.

31 डिसेंबर 1974 रोजी भारताच्या वतीने यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालच्या वतीने मारियो सोआरेस यांनी दिल्लीत करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, राजनैतिक संबंध जुळले. छळाची चौकशी त्यात नव्हती. त्या वेळी हुकूमशाहीचे सगळेच उघडे पडत होते, त्यामुळे मागणी करायला वाव होता. कासिमिरो मोंतेरोवर खटला पुढे चालला, पण तो विरोधी नेते जनरल उंबेर्तो देल्गादो यांच्या 1965 मधल्या खुनाचा. 1981 मध्ये त्याला गैरहजेरीत जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा झाली. तो दक्षिण आफ्रिकेत होता आणि 1993 मध्ये तिथेच मेला, त्या शिक्षेचा एक दिवसही न भोगता. गोव्यातल्या त्याच्या कामाचा त्या आरोपपत्राशी संबंध नव्हता.

सप्टेंबर 2022 मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कॉस्ता यांनी मोझांबिकमध्ये विरियामू हत्याकांडाबद्दल क्षमा मागितली. 1972 मध्ये पोर्तुगीज सैनिकांनी तिथे गावेच्या गावे कापून काढली होती. याच कॉस्तांचे वडिलांकडचे कूळ गोव्याचे. पत्रादेवीसाठी अशी क्षमायाचना मिळावी म्हणून भारताकडून जोरकस मागणी झालेली नाही. ती करायला आता उशीर झाला म्हणणे चुकीचे आहे, विरियामूलाही पन्नास वर्षे लागली.

पोर्तुगीज गुप्त पोलिसांची दप्तरे लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो अभिलेखागारात आहेत आणि 1994 पासून ती पाहता येतात. तिथे जायला वेळ आणि पोर्तुगीज भाषा लागते, पण इथले काम त्याहून सोपे आहे. इंदूर, उज्जैन, देवास आणि धारच्या ज्या घरांतून 1955 मध्ये माणसे गोव्याला गेली, त्या घरांत तुरुंगातली पत्रे, सुटकेचे कागद, जखमांचे दाखले पडलेले असतील. त्यांच्या प्रती काढा, त्यावर नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि त्या पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे पाठवा.